बोअर माझी, पाणी तुझं

वरची लौग,
१९ जून २०००

आदरणीय ऑडनीबाई,

अकरा वर्षांनी लिहितो आहे, अक्षर ओळखू येणार नाही म्हणून आधीच सांगतो : मी केटिल. आपला सख्खा मोठा भाऊ. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चढावर जे काचघर दिसतं आणि जे दिसू नये म्हणून आपण पडदा ओढून ठेवता, ते माझं.

मुद्द्याचं लिहितो. शनिवारी राष्ट्रीय दिनाला सगळं गाव सभागृहात पॅनकेक खात असताना जमीन हलली, हे आपल्याही कानावर आलं असेल. माझी एकही काच फुटली नाही. हे मिरवायला लिहीत नाही. थोडंसं मिरवायला लिहितो आहे. पण काचघर तापवणारी माझी बोअर गेली. वडिलांनी मारलेली, पंचेचाळीस वर्षं एक्क्याण्णव अंशांचं पाणी देणारी बोअर आता नुसती फुसफुसते, आपल्या पाद्रीबुवांच्या प्रवचनासारखी.

रविवारी दुर्बीण लावून पाहिलं तर आपल्या आंबट देठांच्या रुबार्बच्या वाफ्यातून वाफेचा खांब उभा. शुक्रवारपर्यंत तिथे रुबार्ब होता. आता शिजलेला रुबार्ब आहे. हे पाणी कुठून आलं ते कळायला भूगर्भशास्त्रज्ञ बोलवायची गरज नाही. ते माझं आहे, तीनशे पावलं चालून चुकीच्या घरी गेलं आहे. परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी.

माझी सहाशे चाळीस झाडं आहेत. जुलै-ऑगस्टात सूर्य मावळायचं नावच घेत नाही, तोवर कसंबसं निभेल. सप्टेंबरात दंव गोठायला लागलं की टोमॅटो नाही, टोमॅटोचं बर्फ काढावं लागेल.

आपला,
केटिल


खालची लौग,
२३ जून

आदरणीय केटिलराव,

आपलं पत्र तीनशे पावलांवरून निघालं, सेल्फॉसच्या टपाल कचेरीत दोन रात्री राहिलं आणि आज टपाल वाटणाऱ्या फान्नेच्या जीपमधून माझ्या दारात उतरलं. आपल्याला याच दारात यायला अकरा वर्षांत जमलं नाही. त्या मानाने टपालखातं फारच चपळ म्हणायचं.

माझी चौकशी केलीत त्याबद्दल आभार. केली नाहीत, पण केली असतीत असं धरून चालते. माझं दक्षिणेकडचं काचघर आडवं झालं. दोनशे बारा काचा. मोजल्या, कारण उचलल्या मीच. उत्तरेकडचं उभं आहे. आमचीही बोअर मेली, तेव्हा आता जे काही आहे ते रुबार्बच्या वाफ्यातलंच. आणि फळधारणेसाठी पाळलेल्या माझ्या भुंग्यांच्या दोन्ही पेट्या उलटल्या. ते सगळे सध्या आपल्या फुलांवर राबताहेत असं फान्ने सांगते. माझे भुंगे मी परत मागितले का? नाही. मग आपण पाणी मागू नये.

तरीही आपल्याला कुतूहल असेल की ही बाई इतकी कडू का. एविंदुरच्या मयताच्या दिवशी, चर्चमागच्या खोलीत, सत्तर माणसं कॉफी पीत होती. आपण कपात साखर ढवळत मोठ्याने म्हणालात, "माणूस चांगला होता. टोमॅटो मात्र पाणचट." माझा नवरा मातीआड जाऊन तास झाला नव्हता.

तेव्हा, केटिलराव, पाणचट माणसांच्या घरचं पाणी आपल्याला कशाला?

ऑडनी


वरची लौग,
३० जून

ऑडनीबाई,

भुंग्यांबद्दल : ते आळशी आहेत. दुपारी दोननंतर एकही कामावर नसतो. खुशाल घेऊन जा.

पाण्याबद्दल : ते चौऱ्याऐंशी अंश आहे आणि दर मिनिटाला साधारण दोनशे लिटर येतं. आपल्या एका काचघराला त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. बाकीचं ओढ्यात जातं आणि ओढ्यातले मासे घाम पुसतात. माझ्याकडे जुना पण धडधाकट पंप आहे. नळ मी आणीन, चर मी खणीन. आपल्याला फक्त 'हो' म्हणायचं आहे. हा शब्द आपण लहानपणी कधीतरी वापरल्याचं आठवतं.

मयताच्या दिवसाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

केटिल


खालची लौग,
५ जुलै

केटिलराव,

चौऱ्याऐंशी अंश हे आपल्याला कसं कळलं, असा प्रश्न मी विचारणार होते. मग आठवलं. मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी माझ्या कुंपणातून एक बहात्तर वर्षांचा गृहस्थ चार पायांवर आत आला, दोरीला बांधलेला थर्मामीटर वाफ्यात सोडून पोटावर पडून राहिला, आणि जाताना त्याची टोपी तारेला अडकली. टोपी माझ्या खुंटीवर आहे. खिडकीचा पडदा बाजूला करण्यासारखं गेल्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी दिसलं, म्हणून हाक मारली नाही.

पाण्याचा उपयोग नाही असं समजू नका. मी त्याच्याशेजारी खड्डा करून राय धान्याच्या पावाचा डबा पुरते. एका दिवसात असा पाव होतो, की फान्ने टपाल गाडीत ठेवून माझ्या पायरीवर बसते. काल ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडलात तर मला रोज चाळीस किलोमीटर कमी पडतील हो." मी म्हटलं, "तू टपालखात्याची नोकर आहेस, शांतिदूत नाहीस. पाव खा."

पाण्याचं काय ते मी शरद ऋतूत ठरवीन. घाई नको.

ऑडनी


वरची लौग,
१८ जुलै

ऑडनीबाई,

शरद ऋतूत ठरवणार होतात ते काय, हे मला फान्नेकडून कळलं. तिच्यावर रागावू नका. ती पत्रं उघडत नाही, फक्त तोंड उघडते.

रेक्याविकहून एक माणूस आला होता म्हणे. चकचकीत बूट घालून तो आपल्या वाफ्याभोवती टेपने मोजत होता. तिथे लाकडी बंगल्या उठणार, प्रत्येकीपुढे गरम पाण्याचं टाकं, त्यात शहरातली माणसं नागडी बसून डोंगर बघणार. आणि आपण मुलाकडे शहरात, चौथ्या मजल्यावर. छान. वडिलांच्या शेतात टोमॅटोऐवजी वकील उकडतील. तेही लालच होतात.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठलो, जेवलो, परत बसलो. आता सरळ लिहितो.

एविंदुर शेवटच्या हिवाळ्यात दर गुरुवारी माझ्याकडे यायचा. तुला सांगायचा, की खताच्या दुकानात जातो. खताच्या दुकानात कोण दर गुरुवारी जातं? तू विचारलं नाहीस. तो माझ्या काचघरात उलट्या क्रेटवर बसायचा, मी झाडांच्या काखेतले कोंब, बगलफुटी काढायचो, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या मालाला शिव्या द्यायचो. तीस वर्षं आम्ही तेच केलं. त्याला माझे टोमॅटो चामड्यासारखे वाटायचे. मला त्याचे पाणचट.

दुखणं शेवटाला आलं तेव्हा तो म्हणाला, "पाद्री मला संत करून टाकील. सगळे माना हलवतील. कोणीतरी एकाने तरी खरं बोलायला हवं. कबूल कर."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"तेच. पाणचट."

मी कबूल केलं. त्या दिवशी बोललो. तो तिथे असता तर हसून ठसका लागला असता. पण तिथे तू होतीस, आणि तुझा चेहरा बघून माझी पुढची वाक्यं राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी सांगायला यायचं होतं. तू पडदा ओढलास. मग मीही हट्टाला पेटलो. अकरा वर्षं हट्ट करायला फारशी मेहनत पडत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

विकायचं तर विक. पाण्यासाठी नाही लिहिलं हे.

केटिल


खालची लौग,
१२ ऑगस्ट

केटिलराव,

उत्तराला उशीर झाला. मला पहिले दहा दिवस वाटलं, की आपण खोटं बोलता आहात. पाण्यासाठी माणूस काय काय बोलेल. म्हणून मी एविंदुरच्या वह्या काढल्या. तो रोजच्या नोंदी ठेवायचा : तापमान, खत, कीड, किती क्रेट भरले. शेवटच्या वर्षाच्या वहीत गुरुवारी-गुरुवारी एवढंच आहे : "वर गेलो." कुठे वर ते लिहिलेलं नाही. मी त्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. मला वाटायचं, आत मला आवडेल असं काही नसेल. फेब्रुवारीच्या एका पानावर आहे : "केटिल म्हणतो पाणचट. बरोबर आहे. पाणी कमी केलं पाहिजे. त्याला सांगणार नाही."

नवऱ्याने मला सांगितलं नाही, भावाने सांगितलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून एक बाई अकरा वर्षं मूर्ख बनवलीत, आणि त्यातला एक तर मेलासुद्धा, म्हणजे भांडायला एकटे आपणच उरलात. अकरा वर्षांचं भांडण आपल्या एकट्याच्या डोक्यावर मावणार नाही, पण प्रयत्न करीन.

चकचकीत बूट परवा पुन्हा आले. मी त्यांना पाव दिला. ते म्हणाले, "ऑडनी, एवढं पाणी आणि तुम्ही त्यावर भाजी पिकवता?"

मी म्हटलं, "मग काय पिकवू? तुम्हाला?"

ते म्हणाले, "विचार करा. तुमचं वय सदुसष्ट."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. जन्माला मी हजर होते." आणि त्यांना जीपपर्यंत पोचवलं. म्हणजे नाही म्हटलं. आपल्यासाठी नाही म्हटलं असा गैरसमज करून घेऊ नये. चौथा मजला मला सोसत नाही.

चर खणायला हरकत नाही. अटी : एक, आपण आपल्या बाजूने खणावं, मी माझ्या बाजूने. दोन, खणताना बोलायचं नाही. माझा राग अजून संपलेला नाही आणि तो मला मोजूनमापून संपवायचा आहे. तीन, टोपी घेऊन जावी. तिला वास येतो.

ऑडनी


खालची लौग,
९ सप्टेंबर

दादा,

फान्ने म्हणाली, की रेक्याविकच्या त्या इस्पितळात पत्रं रुग्णाच्या हातात देतात. म्हणून लिहिते. फोन करू शकले असते, पण फोनवर तू नुसता श्वास घेतोस, आणि सध्या तुझा श्वास ऐकायची माझी तयारी नाही.

तीन आठवडे आपण दोघं समोरासमोर खणत होतो. तू वरून, मी खालून. एक शब्द नाही. गावातली माणसं गाड्या थांबवून बघायची. सोमवारी आपल्यात वीस पावलं उरली होती, बरोबर हद्दीच्या दगडापाशी. आणि तू फावडं टेकवलंस आणि बसलास. मला वाटलं, दमला. मग तू आडवा झालास.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते, अकरा वर्षांनी मी तुझ्याशी काय बोलले. मी म्हणाले, "मरायचं असेल तर दगडाच्या पलीकडे जा. ही माझी हद्द आहे." असं म्हणत मी तुझी कॉलर सोडवत होते आणि माझ्या हाताला बटण सापडत नव्हतं.

तू डोळे न उघडता म्हणालास, "दगड वडिलांनी चुकीचा रोवलाय. ही माझीच."

फान्ने टपाल घेऊन त्याच वेळी आली नसती तर काय झालं असतं, ते मी लिहिणार नाही. सगळ्या गावाची पत्रं त्या दिवशी तुझ्यासकट इस्पितळात गेली.

छातीची वेदना जूनपासून होती, असं तू डॉक्टरला सांगितलंस म्हणे. मला कळवायला टपालखर्च जास्त येत होता का?

तुझी झाडं बघते आहे. सहाशे अडतीस भरली. तू चाळीस म्हणाला होतास.

ऑडी


रेक्याविक,
१५ सप्टेंबर

ऑडी,

दोन झाडं जुलैत मेली. गणित बंद कर.

इथे मला एका खिडकीशेजारी ठेवलं आहे, तिच्यातून गाड्या लावायची जागा दिसते. जेवणात काल टोमॅटोची एक चकती होती, परदेशातून आलेली. मी ती नर्सला परत दिली आणि सांगितलं, हिला प्रवासाचा थकवा आला आहे, झोपू दे. पुढच्या आठवड्यात माझी छाती उघडून नळ बदलणार आहेत. डॉक्टर तिशीची मुलगी आहे. मी विचारलं, जोडणी गळणार नाही ना? ती म्हणाली, "आजवर नाही गळली. तुमच्या चराचं मला माहीत नाही." बरी वाटली.

नीट वाच. आकाश निवळलं आणि वारा पडला, की त्या रात्री दंव गोठतं. वीस पावलं उरली आहेत. नळ उताराला घाल, म्हणजे पंप बंद पडला तरी पाणी साचून गोठणार नाही. पश्चिमेच्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह उलटा फिरतो. वरचे घोस जास्त झाले तर खुडून टाक, हात आखडू नकोस. आणि वीस पावलं तू एकटीने खणू नकोस. आपल्या घराण्यात एकाने आडवं होणं पुरे.

केटिल


खालची लौग,
१ ऑक्टोबर

दादा,

डॉक्टरने नळ बदलले हे फान्नेने फोनवर विचारून सांगितलं. माझ्याआधी गावाला कळलं. तरी बरं.

चर पूर्ण झाला. मी एकटीने खणला नाही. तेवीस तारखेला आकाश निवळलं, वारा पडला, आणि मी फावडं घेऊन निघाले तर चराशी नऊ माणसं उभी. पाद्रीबुवासुद्धा, रबरी बूट घालून. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी बोलावलं?" फान्ने म्हणाली, "मी टपालाबरोबर निरोप वाटला. फुकट." संध्याकाळपर्यंत नळ जोडला. मी मटणाचा रस्सा केला, तो सगळ्यांनी चराच्या काठावर बसून खाल्ला. पाद्री चांगलं खणतो. त्याने प्रवचनं सोडून हेच करावं.

तुझा व्हॉल्व्ह उलटाही फिरत नव्हता आणि सुलटाही. मी त्याला पान्याने दोनदा मारलं. मग नळ आतून गडगडले आणि गरम झाले. मी हात लावून बघितला. हात भाजला. खूप बरं वाटलं.

पाणी ऐंशी अंश आहे. सगळं ठीक.

ऑडी


रेक्याविक,
२० ऑक्टोबर

ऑडी,

मला आता आरोग्यधामात हलवलं आहे. इथे म्हाताऱ्यांना ओळीने उभं करून हात वर करायला लावतात. माझ्या शेजारी एक निवृत्त कप्तान आहे, तो हात वर करताना बुडत्या जहाजासारखे आवाज काढतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवणार म्हणतात.

डॉक्टर सांगते, किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. मी विचारलं, भरलेली की रिकामी? ती म्हणाली, "तुम्ही रिकामीपासून सुरुवात करा."

पाणी बरोबर ऐंशी? ऐंशी हा आकडा मला आवडत नाही. मोजलेलं पाणी कधी बरोबर ऐंशी भरत नाही. एकोणऐंशी भरतं, ब्याऐंशी भरतं. थर्मामीटर कुठला वापरतेस?

तुझी झाडं कशी आहेत?

केटिल


खालची लौग,
१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझी झाडं उत्तम आहेत. सातव्या घोसापर्यंत फळ धरलं आहे. सूर्याच्या जागी लावलेले दिवे पहाटे चारला लागतात, रात्री आठला विझतात. भुंगे नवीन मागवले, ते दुपारी दोननंतरही काम करतात, म्हणजे आधीच्यांना तुझी संगत नडली होती. गेल्या आठवड्यात चौऱ्याण्णव क्रेट गेले. पश्चिमेच्या कोपऱ्यात थोडी पांढरी माशी दिसली, तिचा बंदोबस्त केला. हवा स्वच्छ आहे. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. तब्येतीला जप.

तुझी लाडकी बहीण,
ऑडी


रेक्याविक,
४ डिसेंबर

ऑडी,

"प्रिय" आणि "लाडकी" हे दोन शब्द एकाच पत्रात बघून मी डॉक्टरला बोलावणार होतो, म्हटलं, बहिणीला काहीतरी झालं आहे. मी तुझ्या झाडांचं विचारलं होतं. चारेक ओळींत तू मला मेंढ्यांपर्यंत आणून सोडलंस.

काल फान्ने भेटायला आली. मी विचारलं, खालच्या लौगचं कसं चाललंय? ती कोटाचं बटण लावत बसली. तीन बटणं लावून झाली, तेव्हा मी म्हटलं, "फान्ने, मी पंधरा दिवसांपूर्वी छाती शिवून घेतलेला माणूस नाही. अडीच महिने झाले. बोल."

ती म्हणाली, "खाली अंधार आहे, केटिल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दिवे लागत नाहीत."

"का?"

"पाणी थंड होत चाललंय. दोन्हीकडे पुरत नव्हतं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

मी तिच्यावर ओरडलो. कप्तान व्यायाम सोडून धावत आला.

किती अंश आहे? आकडा दे. गोल नको.

केटिल


खालची लौग,
१० डिसेंबर

दादा,

त्रेसष्ट. आणि धारही निम्म्याहून कमी. सप्टेंबरअखेर एकाहत्तर होतं, तेव्हा मी तुला ऐंशी लिहिलं. नळ बदलायच्या आधी आणि नंतर माणसाला एकाहत्तर सांगायचं नसतं, एवढं मलाही कळतं. आता महिनाभर त्रेसष्टवर थांबलं आहे. तिथेच राहील असं सेल्फॉसहून आलेला एक चष्मेवाला भूगर्भशास्त्रज्ञ म्हणाला. "राहील" म्हणताना तो जमिनीकडे बघत होता, म्हणजे बहुधा तिलाच विचारत होता.

एका काचघराला पुरतं. दोन्हींना नाही. तुझ्या सगळ्या काचा शाबूत. माझ्या उत्तरेच्या घराला कोपऱ्यातून भेगा गेलेल्या, उष्णता टिकत नाही. मी तीन दिवस आकडे मांडून बघितले. दर वेळी तेच उत्तर आलं. मग मांडणं बंद केलं.

माझी चारशे वीस झाडं होती. मी कापली. एकटीने कापली, फान्नेला दारातून परत पाठवलं. हिरवी फळं होती वर, त्यांचा मुरंबा केला, चार बरण्या, चांगला झालेला नाही. शेवटची ओळ राहिली तेव्हा मी खाली बसले, मग उठून तीही कापली. एकतीस वर्षं त्या घरात हिवाळ्यात उजेड होता. आता स्वयंपाकघरातून फक्त तुझा दिसतो. पडदा उघडा ठेवते, नाहीतर दुपारी तीनलाच रात्र झाल्यासारखं वाटतं.

मोठा त्याग वगैरे काही नाही. तू भाषण करू नकोस. आकडे तुझ्या बाजूने होते, एवढंच. उलटे असते तर तुझी कापली असती, आणि तेव्हा मला इतका त्रासही झाला नसता.

ऑडी


रेक्याविक,
१७ डिसेंबर

ऑडी,

भाषण करणार नाही. कप्तानाला तुझं पत्र वाचून दाखवायला लागलो. मध्येच मला वाचता येईना, म्हणून त्याने पुढचं वाचलं. त्याला चष्मा लागतो, त्याने तो काढून पुसला आणि पुन्हा लावला, आणि मग म्हणाला, "बहीण भांडखोर दिसते."

मी म्हटलं, "हो."

आता व्यवहाराचं. तू खालचं घर बंद करून वरचं जगवलंस. वरच्या घराचा मालक रिकामी किटली उचलायच्या लायकीचा आहे. म्हणजे चालवणारी तूच. सहाशे अडतीस झाडं बिनमालकाची बरी दिसत नाहीत, म्हणून मी क्रेटवरच्या नवीन चिठ्ठ्या छापायला दिल्या. वरची लौग, खालची लौग दोन्ही आहे, आणि खाली दोघांची नावं. आपल्या वर्णमालेत माझा 'K' तुझ्या 'O'च्या आधी येतो, हे शाळेपासून तुला खुपत आलं आहे. छापखान्याने चुकून तुझं आधी घातलं. पाच हजार छापून झाल्या. आता इतका कागद वाया घालवणं बरं नाही, म्हणून राहू दे. फान्ने आणून देईल.

मुरंबा फेकू नकोस. मी खाईन.

केटिल


खालची लौग,
२८ डिसेंबर

दादा,

चिठ्ठ्या मिळाल्या. नाताळाआधीच्या शेवटच्या एकशे दहा क्रेटांना लावल्या. दुकानदाराने विचारलं, "ही ऑडनी कोण, नवी मालकीण?" मी म्हटलं, "जुनीच. उशिरा छापली."

छापखान्यात मी फोन केला. चूक त्यांची असेल तर त्यांनी भरपाई द्यावी, असं माझं म्हणणं होतं. तो माणूस रडकुंडीला आला. म्हणाला, "बाई, त्या गृहस्थांनी तीन वेळा लिहून कळवलं. आधी बहिणीचं, आधी बहिणीचं. तिसऱ्या पत्रात तर खाली दोन रेघा मारल्या होत्या. पत्रं ठेवली आहेत, पाठवू का?"

मी म्हटलं, पाठवा.

सहा तारखेला फान्ने तुला आणायला येईल. तुझ्या घरात चूल पेटवून ठेवीन. सकाळी सातला काचघरात हजर हो, उलट्या क्रेटवर बस, आणि मी बगलफुटी काढीन तेव्हा माझ्या कामाला नावं ठेव. उचलायचं काही नाही. किटलीसुद्धा मीच उचलीन.

ऑडी